पीव्हीसी पाईपमधील फिलर : जड पाईप म्हणजे मजबूत पाईप नव्हे

पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठावरून उसाला पाणी नेणाऱ्या उपसा योजनांचा मोठा भार पीव्हीसी पाईपवर असतो. खरेदी करताना पाईप हातात तोलून पाहण्याची सवय आहे. मात्र त्यात फसगत होऊ शकते.

फिलर व तंतू यांतील फरक

भिंत लिंपताना मातीत भाताचे काड मिसळले की लिंपण तडकत नाही, कारण काड ताण धरून ठेवते. प्लास्टिकमध्ये हे काम काचतंतू करतात. एफआरपी टाक्या व पत्रे असेच बनतात. पाईपमध्ये मिसळतात ती चुनखडीची बारीक भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. योग्य प्रमाणात तिने पाईपला ताठपणा येतो व खर्च कमी होतो. प्रमाण वाढले की पाईप ठिसूळ होतो. वीज गेल्यावर चढावरचे पाणी मागे फिरून दणका देते, तेव्हा असा पाईप चिरतो.

वजन का फसवते?

पीव्हीसीची घनता सुमारे १.४, तर चुनखडीची सुमारे २.७ ग्रॅम प्रति घन सें.मी. असते. त्यामुळे जास्त भुकटीचा पाईप जड लागतो. आयएस ४९८५ मानकानुसार पाईपची घनता १.४० ते १.४६ असावी.

घरच्या घरी तपासणी

१. पाईपचा तळहाताएवढा तुकडा ग्रॅम काट्यावर कोरडा तोलावा.
२. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करावा.
३. तुकडा दोऱ्याने पूर्ण बुडवावा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये, बुडबुडे झटकावेत.
४. कोरड्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागावे.

उदाहरणार्थ, १५६ ग्रॅमचा तुकडा बुडवल्यावर काटा १०० दाखवत असेल, तर घनता १.५६, म्हणजे भुकटी जास्त. घरच्या काट्यावर थोडी चूक होते, म्हणून तपासणी दोन-तीनदा करावी.

खरेदीपूर्वी

- पाईपवर आयएसआय चिन्ह, मानक क्रमांक व दाबाचा वर्ग पाहावा.
- दर १० मीटर उंचीला सुमारे १ किलो दाब धरून, दणक्यासाठी वाव ठेवून वर्ग निवडावा.
- भिंतीची जाडी तीन-चार ठिकाणी मोजावी.
- चढावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा.

घनता योग्य असली तरी जाडी कमी असल्यास पाईप टिकत नाही. दोन्ही तपासूनच पैसे द्यावेत.