वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांमधला हा मार्ग म्हणजे जगातली सर्वांत कमी अंतराची नियमित प्रवासी विमानसेवा. दोन धावपट्ट्यांमधले अंतर जेमतेम २.७ किमी, एडिंबरा विमानतळाची एकटी धावपट्टीच जवळपास तेवढी लांब आहे.

लोगनएअर कंपनीने १९६७ मध्ये ही सेवा सुरू केली. वेळापत्रकात दोन मिनिटे लिहिलेली असतात, पण वारा पाठीशी असला की तेवढीही लागत नाहीत. विक्रम ५३ सेकंदांचा आहे. अंतर ठरलेले, वेळ मात्र वाऱ्याच्या मर्जीवर!

विक्रमाच्या हौसेने पर्यटक येतात खरे. पण शिक्षक, रुग्ण आणि बेटवासी यांच्यासाठी ही रोजची गरज आहे. पापा वेस्ट्रेवरचे नॅप ऑफ हॉवर हे पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे दगडी घर पाहायला निघालेले प्रवासीही या मार्गावरच्या चिमुकल्या आयलँडर विमानात बसतात.