स्मृतीचे अंतर आणि त्वरकांचे स्थान : कर्नलच्या इतिहासातील एक वाद

१

संगणकाची स्मृती ही एकसंध व सर्वत्र सारखी आहे, ही समजूत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी दीर्घकाळ बाळगली. ती सोयीची होती. कोणताही पत्ता उच्चारावा आणि तेथील मजकूर सारख्याच वेळात हाती यावा, एवढीच त्यांची अपेक्षा असे. परंतु एका यंत्रात अनेक प्रोसेसर नांदू लागले, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याची स्वतःची स्मृती बसविण्यात आली, तेव्हा जवळची स्मृती व दूरची स्मृती असा भेद उत्पन्न झाला. या रचनेस ‘नूमा’, म्हणजे असमान प्रवेशाची स्मृती, असे नाव मिळाले.

येथे अंतर या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड व नृसिंहवाडी ही गावे पंचगंगेच्या दोन तीरांवर, परस्परांच्या अगदी जवळ वसलेली आहेत. तथापि एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यास किती वेळ लागेल, हे नकाशावरील लांबीने नव्हे, तर मधल्या नदीने, नावेने आणि पुलाने ठरते. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा नकाशावरील अंतर तेच राहिले. व्यवहारातील अंतर मात्र पालटले. संगणकाचीही गोष्ट अशीच आहे. यंत्र सुरू होताना कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, अंतरांचा एक तक्ता मिळतो. त्यात स्वतःच्या स्मृतीचे अंतर १० मानून इतरांचे त्या प्रमाणात दिलेले असते. हा तक्ता नकाशासारखा स्थिर असतो. पुलावर या क्षणी किती गर्दी आहे, हे तो सांगत नाही.

२

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या प्रश्नाचा इतिहास पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या यंत्रांतून वाचता येतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र होती आणि एकाकडील मजकूर दुसऱ्याला हवा असल्यास तो संदेशरूपाने पाठवावा लागे. सामायिक स्मृतीचा आभास निर्माण करण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. मालाची सारी ने-आण प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः करी, आणि आपण ती करीत आहोत हे त्याला ठाऊक असे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच संस्थेच्या ‘परम युवा २’ या यंत्राने निराळे चित्र उभे केले. त्यातील झिऑन प्रोसेसरांच्या जोडीला झिऑन फाय या जातीची त्वरक-कार्डे होती. त्वरक म्हणजे विशिष्ट प्रकारची आकडेमोड सामान्य प्रोसेसरपेक्षा पुष्कळ वेगाने करणारे साहाय्यक यंत्र. प्रत्येक कार्डावर ६० गाभे व ८ गिगाबाइट स्मृती होती. एवढेच नव्हे, तर त्यावर लिनक्सची एक स्वतंत्र प्रत चाले. एका पेटीत दोन कर्नल आणि दोन स्मृती, व एकाला दुसऱ्याची पाने दिसत नाहीत, अशी ही व्यवस्था होती. कार्डाच्या स्मृतीची वहनक्षमता सेकंदाला ३२० गिगाबाइट. पण यजमान प्रोसेसरकडे जाणारा मार्ग एका दिशेस सुमारे ८ गिगाबाइटांचा. हे प्रमाण चाळीसास एक असे पडते.

सात वर्षांनी, २०२० मध्ये, ‘परम सिद्धी-एआय’ने जागतिक क्रमवारीत ६३ वे स्थान मिळविले. त्यातील ए-१०० या त्वरकाची वहनक्षमता सेकंदाला सुमारे १,५५५ गिगाबाइट, आणि यजमानाकडील मार्ग सुमारे ३२ गिगाबाइटांचा होता. प्रमाण जवळजवळ पन्नासास एक. म्हणजे मार्ग चौपट रुंद झाला, तरी त्वरकाच्या भुकेच्या मानाने तो अधिकच अरुंद ठरला. ज्या पानाची ने-आण चुकीच्या वेळी होईल, त्याची किंमत या काळात वाढली, कमी झाली नाही. कर्नलकडे या प्रश्नाचा निवाडा मागण्यात आला, त्याचे मूळ येथे आहे.

३

लिनक्स कर्नलने २.६ या मालिकेत, २००४ च्या सुमारास, कोणते पान कोणत्या नोडवर ठेवावे हे सांगण्याची साधने प्रोग्रॅमला दिली. परंतु सामान्य प्रोग्रॅम ती क्वचितच वापरीत. म्हणून कर्नलने आपणहून पाने हलवावीत का, असा प्रश्न निघाला. २०१२ मध्ये आंद्रेया आर्कान्जेली व पीटर झिल्स्ट्रा यांनी या कामासाठी दोन भिन्न रचना मांडल्या. अखेर मेल गॉर्मन यांनी सर्वमान्य होईल असा पाया रचला, आणि तो २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत आला. कर्नल काही पाने तात्पुरती अगम्य करतो, त्यांना प्रथम कोण स्पर्श करतो हे पाहतो, आणि त्यावरून पान कोठे असावे याचा अंदाज बांधतो.

त्वरकाच्या बाबतीत हा उपाय जसाच्या तसा लागू पडेना. तेथे दोन पक्ष उभे राहिले. आयबीएमचे अंशुमान खंडुआल यांनी २०१६-१७ मध्ये मांडलेल्या योजनेचे म्हणणे असे की, प्रोसेसरला थेट वाचता येणारी त्वरकाची स्मृती हा आणखी एक नोडच मानावा. म्हणजे जुनी सारी साधने आपोआप उपयोगी पडतील. त्यावरील आक्षेपही सबळ होता. नोड म्हटला की कर्नल आपली स्वतःची सामग्रीही तेथे ठेवू लागेल, आणि त्वरकासाठी राखलेली जागा भलत्याच कामी जाईल. योजनेत त्यासाठी वेगळे कुंपण घालावे लागले, ते याच कारणाने.

दुसरा मार्ग जेरोम ग्लिस यांचा. नोव्हेंबर २०१७ च्या ४.१४ या आवृत्तीत तो स्वीकारला गेला. त्यानुसार त्वरकाच्या पानांची नोंद कर्नलच्या वहीत राहते, परंतु ती पाने सर्वसाधारण वाटपात येत नाहीत. प्रोसेसरने अशा पानास हात लावताच दोष उत्पन्न होतो आणि पान परत मुख्य स्मृतीत आणले जाते. प्रोसेसरला थेट वाचता येणाऱ्या स्मृतीसाठीही त्यात एक प्रकार होता. पण वापरणारा कोणी नसल्याने तो २०१९ मध्ये काढून टाकण्यात आला. २०२२ मध्ये, ६.० या आवृत्तीत, एएमडीच्या गरजेपोटी जवळपास तोच विचार नव्या नावाने परत आला. झिऑन फायसाठीचा आधारही २०२० मध्ये कर्नलमधून निघाला. ज्या यंत्रसामग्रीस वापरणारे उरत नाहीत, तिच्यासाठी कर्नल जागा राखून ठेवीत नाही.

४

या वादात एका शब्दाचा अर्थ कसा पालटत गेला, हे लक्षणीय आहे. आरंभी ‘नोड’ म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्याजवळची स्मृती, असे जोडपे अभिप्रेत होते. २०१९ मध्ये ५.१ या आवृत्तीने टिकाऊ स्मृतीला सामान्य स्मृती म्हणून, स्वतंत्र नोडच्या रूपाने, वापरण्याची सोय केली. त्या नोडवर प्रोसेसर नव्हता. ६.१ मध्ये, डिसेंबर २०२२ साली, नोडांची वेगाप्रमाणे श्रेणी लावण्यात आली. एनव्हिडियाच्या ग्रेस हॉपर या यंत्रात तर त्वरकाची स्मृतीच नोड म्हणून कर्नलसमोर येते. जो अर्थ २०१७ मध्ये वादग्रस्त होता, तो यंत्राची घडण बदलताच रूढ झाला.

परंतु शब्द रूढ झाल्याने प्रश्न सुटला असे समजणे योग्य नव्हे. मे २०२४ च्या ६.९ या आवृत्तीत, पाने निरनिराळ्या नोडांवर त्यांच्या वहनक्षमतेच्या प्रमाणात वाटण्याची सोय झाली. अंतराच्या तक्त्याला पुलाची रुंदी कळत नाही, याची ती एक प्रकारे कबुलीच होय. परमच्या पहिल्या यंत्रावर ने-आण करणाऱ्याला आपले ओझे दिसत होते. आज ते ओझे कर्नलच्या आड गेले आहे, आणि सामायिक महासंगणकावर आपला प्रोग्रॅम संथ का चालतो, हे संशोधकाला पुष्कळदा उमगत नाही. म्हणून पान कोठे आहे, ते कोणी हलविले व कशासाठी, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याने सोडता कामा नये. कर्नल पाने हलवितो. ती योग्य जागी पडली की नाही, हे तपासण्याचे काम अद्यापि माणसाकडेच आहे.