सर्व्हरलेस क्लाउड रचना

सर्व्हरची उभारणी, देखभाल व क्षमतावाढ क्लाउड कंपनीकडे सोपवून केवळ प्रोग्राम लिहिण्याची संगणनपद्धती. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केलेल्या ‘लॅम्डा’ या सेवेमुळे ती रूढ झाली. फाइल अपलोड होणे, संदेश येणे अशा घटनेनंतर प्रोग्रामचा संबंधित भाग म्हणजेच फंक्शन चालते. शुल्क मुख्यतः चाललेल्या वेळेवर व दिलेल्या मेमरीवर ठरते.

आराखड्याची तत्त्वे : लॅम्डा फंक्शन एका खेपेस जास्तीत जास्त १५ मिनिटे चालते, म्हणून लांबलचक काम टप्प्यांत विभागतात. फंक्शनच्या मेमरीवर विसंबून न राहता टिकवायची माहिती डेटाबेसमध्ये ठेवतात. एकच संदेश दोनदा येऊ शकतो; त्यामुळे प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन दुहेरी नोंद टाळतात. अचानक वाढणारा भार झेलण्यासाठी फंक्शनच्या आधी संदेशांची रांग ठेवतात आणि वारंवार फसणारे संदेश वेगळ्या रांगेत काढतात. डेटाबेसवर ताण येऊ नये म्हणून एकाच वेळी चालणाऱ्या फंक्शनांची संख्या मर्यादित करतात. प्रत्येक फंक्शनला आवश्यक तेवढेच अधिकार देतात.

मर्यादा : बराच वेळ न वापरलेले फंक्शन सुरू होण्यास विलंब लागतो. भार अखंड व स्थिर असल्यास नेहमीचा सर्व्हर स्वस्त पडू शकतो.