मुक्काम पोस्ट राजूर

जालना जिल्ह्यात राजूर म्हटले की गणपतीचे राजूर. पण अकोले तालुक्यातही एक राजूर आहे. म्हणून पाकिटावर आपण 'ता. भोकरदन, जि. जालना' असे न चुकता लिहीत आलो. एकाच नावाच्या गावांचा हा घोळ मिटावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते.

इंटरनेटवरही पत्त्याचीच गोष्ट आहे. गूगलसारखे शोधयंत्र अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचा क्रमांक वाचते. जुन्या मराठी फाँटांत पडद्यावर 'र' दिसे, पण आत क्रमांक असे इंग्रजी अक्षराचा. पान असूनही 'राजूर' शोधणाऱ्याला ते मिळत नसे. १९९१ साली युनिकोडने देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. 'र'चा क्रमांक ०९३०. हे क्रमांक वापरात रुळायला मात्र बरीच वर्षे गेली.

आजही कित्येकांच्या कविता, गावांचे इतिहास जुन्या फाँटांत अडकून आहेत. ते युनिकोडमध्ये आणावेत. पानाच्या मथळ्यात गाव, तालुका, जिल्हा लिहावा. छायाचित्राखाली दोन ओळी असाव्यात. गावाबद्दलच्या इतर पानांवरून आपल्या पानाकडे दुवा असावा. शोधयंत्र त्याच वाटेने येते. राजूरच्या यात्रेची आठवण कुणी लिहून ठेवली असेल, तर ती नातवाला सापडली पाहिजे.