किकऑफला 696 तास

29 ऑगस्ट 1969, शुक्रवार. सामन्याला सुमारे 696 तास.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं वूस्टर. टेकडीवरच्या होली क्रॉस कॉलेजात फुटबॉलचा सराव चालू आहे. फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो. पहिला सामना 27 सप्टेंबरला, हार्वर्डशी.

मैदानाखालून पाण्याची लाइन गेली आहे. गवतावर पाणी मारायचे तिचे नळ जमिनीच्या पातळीखाली, खड्ड्यांत बसवलेले आहेत. खड्ड्यांत पाणी साचतं आणि लगतच्या इमारतीतली मुलं त्यात खेळतात. त्यांच्यातल्या काहींना कावीळ झाली आहे. हीच लाइन पुढे खेळाडूंच्या पिण्याच्या नळाला जाते. इथपर्यंत खेळाडूंचं काही बिघडलेलं नाही, कारण लाइनला प्रेशर आहे.

त्याच दिवशी, काही तासांत.

उकाडा आहे. शहरात आग लागते. बंब हायड्रंटमधून पाणी ओढू लागतात आणि आसपासच्या लाइनींचं प्रेशर ढासळतं. आपल्याकडचा कुठलाही प्लंबर सांगेल, दहा मीटर चढाला एक किलो प्रेशर खर्ची पडतं. त्यामुळे उंचावरच्या लाइनी आधी रिकाम्या होतात, आणि खाली ओढ कायम राहिली तर आत निर्वात पोकळी तयार होते. पाइपाला दिशा कळत नाही. जे तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तिथून तो आत खेचतो. इथे खड्ड्यातलं पाणी खेचलं गेलं.

हे मैदानापुरतं नाही. हॉटेलच्या मोरीत बादलीत सोडलेली नळी, एसीच्या कूलिंग टॉवरला थेट जोडलेली भरणी, प्रयोगशाळेच्या सिंकमधला रबरी पाइप, सगळीकडे हाच धोका. नळाचं तोंड टाकीच्या काठापेक्षा वर, मध्ये मोकळी हवा, हा सर्वांत खात्रीचा उपाय, शिवाय जवळपास फुकट. ते जमत नसेल तिथे व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे प्रेशर पडलं की लाइनीत हवा घेणारी झडप, तीही जमिनीच्या वर. खड्ड्यात बुडालेला ब्रेकर हवा कुठून घेणार? नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवणारे खूप भेटतात. पण त्याच्या झडपेत एक खडा अडकला की काम संपलं. आणि आपल्या शहरांत प्रेशर पडायला आगही लागत नाही, पाणी जायची वेळ झाली की रोज पडतं.

सराव संपल्यावर.

प्रेशर परत येतं आणि आत खेचलेलं पाणी नळाकडे जातं. खेळाडू दमलेले, घामाघूम. नळावर पाणी पितात.

पुढचे तीनेक आठवडे.

काहीच घडत नाही. काविळीचा ‘ए’ विषाणू लक्षणं दाखवायला 15 ते 50 दिवस घेतो, सरासरी 28. दरम्यान पहिल्या वर्षाची मुलं त्याच मैदानावर दाखल होतात.

सामन्याआधीचे शेवटचे दिवस.

अंगात कसकस, मळमळ, जेवण नकोसं. मग एकेकाचे डोळे पिवळे पडू लागतात.

27 सप्टेंबर, शनिवार. शून्य तास.

संघ तरीही मैदानात उतरतो. हार्वर्ड 13, होली क्रॉस 0.

4 ऑक्टोबर. अधिक 168 तास.

डार्टमथ 38, होली क्रॉस 6. यानंतर उरलेले आठही सामने रद्द. तपासणीत संघातल्या 97 जणांपैकी 90 जणांना लागण झाल्याचं निघालं. अनेकांना कावीळ दिसतही नव्हती, रक्तच सांगत होतं.

तपासणारे उलटे मोजत गेले. एकदम इतके जण आजारी, म्हणजे घोट एकाच सुमाराला घेतलेला. अन्नावरचा संशय टिकला नाही. पहिल्या वर्षाची मुलं ठणठणीत होती, म्हणजे जे झालं ते त्यांच्या येण्याआधी. असं करत बोट 29 ऑगस्टवर आलं, आणि त्या तारखेला शहरात आग होती.