स्लॅब रोलर : बिघाड ओळखावा कसा, निगा राखावी कशी

चंद्रपूरहून नागपूरकडे निघाले, की पंचवीस-तीस किलोमीटरवर भद्रावती लागते. विजासनची लेणी आणि जैन मंदिर यांसाठी हे गाव बहुतेकांना ठाऊक असते. मातीकामाशी संबंध असलेल्यांना मात्र ते ग्रामोदय संघामुळे अधिक परिचयाचे आहे. गांधीविचाराचे कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये येथे या संस्थेची उभारणी केली आणि पारंपरिक कुंभारकामाला सुधारित चाक, भट्टी व झिलई यांची जोड देण्याचा प्रयत्न सुरू झाला. जिल्ह्यात कोळशाच्या थरांच्या सोबतीने अग्निरोधक माती सापडते. अशा परिसरात मातीकामाची यंत्रे हा केवळ शहरी हौशीचा विषय राहत नाही.

या यंत्रांपैकी सर्वांत साधे दिसणारे, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित राहणारे यंत्र म्हणजे स्लॅब रोलर. मातीच्या गोळ्यापासून सारख्या जाडीची लादी लाटून देणे एवढेच त्याचे काम. भिंतीवरील टाइल्स, चौकोनी ताटे, नामफलक, दिव्यांच्या पेट्या या साऱ्यांचा प्रारंभ या लादीपासून होतो. यंत्र नव्हते तेव्हा कारागीर जमिनीवर सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांच्यामध्ये माती पसरत आणि पट्ट्यांवरून लाटणे फिरवीत. स्लॅब रोलर हे त्याच युक्तीचे यांत्रिक रूप होय. पट्ट्यांची जागा जाडी ठरविणाऱ्या स्क्रूंनी अथवा हार्डबोर्डच्या फळ्यांनी घेतली आणि लाटण्याची जागा लोखंडी रुळाने.

लादीच्या जाडीतील दोन-तीन मिलिमीटरचा फरक ओल्या मातीत डोळ्यांना दिसतही नाही. तो दिसतो वाळताना. पातळ भाग आधी सुकतो, आधी आकसतो आणि जाड भागाला ओढू लागतो. वाळणे व भाजणे मिळून अनेक मातींमध्ये दहा-बारा टक्क्यांपर्यंत आकुंचन होते. ते सर्वत्र सारखे झाले नाही, तर टाइल वाकते किंवा तिला तडा जातो. एका भट्टीत शंभर टाइल्स लावल्या आणि त्यांतील वीस वाकड्या निघाल्या, तर माती, इंधन आणि आठवड्याची मजुरी वाया जाते. दोष मात्र बहुधा भट्टीला दिला जातो.

म्हणूनच दुरुस्तीचा आरंभ पान्ह्याने करू नये, मापाने करावा. एक मोठी लादी लाटावी, तिचे चार कोपरे आणि मध्यभाग येथून छोटे चौकोन कापावेत आणि कॅलिपरने त्यांची जाडी मोजून कागदावर लिहावी. पाच आकड्यांचा हा तक्ता बहुतेक बिघाडांचे निदान करून टाकतो.

डावी बाजू जाड व उजवी पातळ असेल, तर रूळ मेजाला समांतर राहिलेला नाही असा संशय घ्यावा. परंतु लगेच स्क्रू फिरवू नयेत. प्रथम कापड उलट्या दिशेने घालून तीच चाचणी पुन्हा करावी. जाडी कापडाबरोबर फिरली, तर दोष कापडात आहे. एखादी घडी, शिवलेली कड किंवा वाळून कडक झालेला मातीचा थर तेथे असणार. जाडी यंत्राच्या त्याच बाजूला राहिली, तरच दोष यंत्रात आहे. अशा वेळी एकाच फळीतून कापलेले सारख्या जाडीचे दोन तुकडे रुळाखाली दोन्ही टोकांना ठेवावेत आणि रूळ हळूहळू खाली आणावा. एक टोक टेकले आणि दुसऱ्या टोकाखाली फट राहिली, की नेमके कोणता स्क्रू किती फिरवायचा हे कळते. दोन्ही स्क्रू साखळीने जोडलेले असतील, तर साखळी सैल करून एकच स्क्रू फिरवावा आणि मग ती पुन्हा बसवावी. काट्यावरील आकडा त्यानंतरच जुळवावा.

चारही कोपरे पातळ आणि मध्यभाग जाड असेल, तर रूळ दाबाखाली वाकतो आहे. स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून पातळ पाइप वापरून करून घेतलेल्या रुंद यंत्रांत हा दोष विशेष आढळतो. यावर स्क्रू आवळण्याचा काही उपयोग नाही. जाड भिंतीचा पाइप बसविणे हा खरा उपाय. तोपर्यंत अरुंद लाद्या लाटाव्यात आणि एका फेरीत कमी दाब द्यावा.

लादीवर लाटा उमटत असतील, तर दोन लाटांमधील अंतर मोजावे. ही युक्ती फार कामाची आहे. रुळाचा व्यास १०० मिलिमीटर असेल, तर त्याचा परीघ सुमारे ३१४ मिलिमीटर होतो. लाट दर ३१४ मिलिमीटरवर येत असेल, तर रूळ गोल राहिलेला नाही किंवा त्यावर एका जागी माती चिकटून वाळली आहे. खडूची खूण करून पाहिले, की जागा सापडते. लाटा दाट, बोटभर अंतरावर असतील, तर साखळी सैल झाली आहे, चाकाचे दाते झिजले आहेत किंवा चाक फिरविणारा हात थांबत-थांबत चालतो आहे. शेवटचे कारण सांगितलेले कोणालाच आवडत नाही, पण ते तपासायला पैसे पडत नाहीत.

रूळ फिरतो आणि माती पुढे सरकत नाही, ही आणखी एक नेहमीची तक्रार. उसाच्या रसवंतीसमोर जो क्षणभर उभा राहिला असेल, त्याला याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. रसवंतीवाला सगळा ऊस एकदम चरकात कोंबत नाही. मातीचेही तसेच आहे. गोळा आधी हाताने थापून चपटा करावा, पुढची कड पाचरीसारखी निमुळती ठेवावी आणि एका फेरीत जाडीचा पाव ते तिसरा हिस्साच कमी करावा. प्रत्येक फेरीनंतर लादी काटकोनात फिरवावी. एकाच दिशेने ताणलेली माती त्या दिशेने आणि आडवी वेगवेगळी आकसते; सरळ कापलेली टाइल भट्टीतून वाकडी येण्यामागे हे कारण अनेकदा असते. यंत्राचा त्यात काही अपराध नसतो.

कापडाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण अर्धे बिघाड तेथेच जन्मतात. जाड, सुती, एकसंध कॅनव्हास घ्यावा. तो आधी धुऊन आटवून घ्यावा आणि त्याच्या शिवलेल्या कडा रुळाखाली येणार नाहीत एवढी रुंदी ठेवावी. मातीच्या खाली एक व वर एक असे दोन तुकडे वापरावेत. ओले कापड चिकटते, घसरते आणि सुरकुत्या पाडते. म्हणून दोन जोड असावेत. एक वापरात, एक वाळत. पावसाळ्यात कापड दुसऱ्या दिवशीही दमटच राहते, तेव्हा तीन जोडही जास्त होत नाहीत.

कोरडे झालेले कापड कार्यशाळेत झटकण्याची सवय मात्र तत्काळ सोडावी. या विषयात खरा धोका असेल तर तो येथे आहे. मातीच्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते वर्षानुवर्षे फुप्फुसात साचले, तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते. न दिसणारी तासन्‌तास हवेत तरंगते. कापड पाण्यात बुडवून धुवावे, मेज व यंत्र ओल्या फडक्याने पुसावे, केरसुणीऐवजी ओला पोछा वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवीत नाही.

ओल्या फडक्याने पुसायचे म्हटले, की गंजाचा प्रश्न येतो. रूळ पुसल्यावर लगेच कोरड्या कापडाने पुसावा. जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा हलक्या मशीन ऑइलचा हात फिरवून तो पुन्हा पुसून काढावा, अन्यथा तेलाचे डाग मातीवर उतरतात. गंज दिसलाच, तर बारीक पॉलिश पेपर पुरतो. कानस लावू नये; रुळावर पडलेला ओरखडा प्रत्येक लादीवर छापला जातो.

साखळी आणि दातेरी चाकांना ग्रीस फासून ठेवणे ही निगा नव्हे. चिकट ग्रीस धूळ धरून ठेवते आणि त्या मिश्रणाने दाते कानसल्यासारखे झिजतात. जुने वंगण पूर्ण पुसून काढावे, मग थोडेच नवे लावावे. बेअरिंगला ग्रीस द्यायचे ते आतून, निपलमधून. चाक फिरविताना करकर आवाज येऊ लागला, तर बेअरिंग बदलण्याची वेळ जवळ आली आहे. त्याचा क्रमांक कडेवर कोरलेला असतो. तो वाचून बाजारात मागावा. तारेच्या दोरावर चालणाऱ्या यंत्रात दोर सैल झाला, की रूळ तिरका चालतो. दोन्ही बाजूंचा ताण सारखा करावा. दोराचे एखादे सूत तुटून बाहेर आले असेल, तर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि दोर जोडत न बसता बदलावा.

चंद्रपूरचा उन्हाळा हा स्वतंत्र प्रश्न आहे. पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की मेजावर ठेवलेली माती पाहता-पाहता वरून कडक होते आणि आतून मऊ राहते. अशी माती लाटली, तर कडांना चिरा पडतात आणि मग रुळाचा दाब वाढविण्याचा मोह होतो. तेथेच स्क्रूचे आटे खराब होतात. अंगठा सहज रुतावा पण माती बोटाला चिकटू नये, एवढा ओलावा असेल तेव्हाच ती यंत्रावर घ्यावी. एरवी ती ओल्या गोणपाटाखाली ठेवावी आणि लाटण्याचे काम सकाळी उरकावे.

यंत्राचे पाय समतल आहेत की नाही, हे गवंड्याच्या लेव्हल पट्टीने वर्षातून दोनदा पाहावे आणि सर्व नट त्याच दिवशी आवळावेत. मेजावर मातीची पोती रचून ठेवू नयेत; मेज वाकले, की वर सांगितलेल्या पाच आकड्यांचा तक्ता पुन्हा करावा लागतो. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस रुळापासून दूर ठेवावेत. हाताने फिरवायच्या यंत्रातही बोट चेमटते. मोटार बसविलेल्या यंत्राला हाताच्या अंतरावर बंद करण्याचे बटण असल्याशिवाय कोणी ते वापरू नये आणि रूळ साफ करताना प्लग भिंतीतून काढलेला असावा.