प्रवासांत घडलेली दुसरी ध्वनिमुद्रिका

तारापूरच्या अणुवीजकेंद्रानें २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज पुरविण्यास आरंभ केला, हें पालघर-बोईसरच्या रहिवाशांस सांगणें नको. त्याच महिन्यांत इंग्लंडांतील 'लेड झेपेलिन' या रॉक वाद्यवृंदाची दुसरी ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. दोन्ही गोष्टींचा परस्परसंबंध कांहीं नाहीं. परंतु काळ ध्यानांत राहण्यास हा योग सोयीचा आहे.

पहिली मुद्रिका जानेवारी १९६९ मध्यें निघाली होती. तिला यश लाभतांच दौरे वाढले आणि दुसरीची मागणीही आली. गिटारवादक व निर्माता जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट, बासवादक जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवादक जॉन बॉनम या चौघांस एका जागीं बसण्यास सवड नव्हती. तेव्हां हॉटेलांत गीत रचावें, रात्रीं रंगमंचावर तें खुलवावें आणि वाटेंत मिळेल त्या स्टुडिओंत मुद्रित करावें, असा क्रम ठरला. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत लंडन, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, मेंफिस, व्हँकुव्हर अशा ठिकाणीं हें काम चाललें. अखेर न्यूयॉर्कमध्यें एडी क्रेमर यांच्या साहाय्यानें सर्व ध्वनिफितींचें संमिश्रण झालें. इतक्या ठिकाणचे सूर एकजीव वाटतात, कारण रोजच्या वादनानें चौघांचा मेळ आधींच पक्का झाला होता. त्या वर्षअखेरीस बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड'ला मागें सारून ही मुद्रिका अमेरिकेंत अग्रस्थानीं गेली.

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुद्रिकेंतील पहिल्याच गीताचे कांहीं शब्द, मडी वॉटर्स यांनीं १९६२ सालीं गायिलेल्या एका गीतावरून घेतलेले होते. त्याचे कर्ते कृष्णवर्णीय कवि-संगीतकार विली डिक्सन; त्यांचें नांव मात्र कोठेंच नव्हतें. १९८५ मध्यें त्यांनीं दावा लावला, १९८७ मध्यें तडजोड झाली आणि पुढें कर्त्यांच्या नामावलींत त्यांना स्थान मिळालें. न्यायास अठरा वर्षें लागलीं.

१९७२ मध्यें पेज व प्लँट मुंबईस आले आणि येथील वादकांसह त्यांनीं आपलीं दोन गीतें मुद्रित केलीं. तीं २०१५ मध्यें अधिकृतपणें प्रसिद्ध झालीं. शीर्षकांत 'बाँबे ऑर्केस्ट्रा' असा सामुदायिक उल्लेख आहे.

हा प्रश्न आपल्याही अंगणांतला आहे. जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवर भोपळा, बांबू व मेण यांपासून तारपा घडतो. वादक मध्यें उभा राहतो आणि त्याच्या सुरावर सारा फेर वळतो. तो सूर वाडवडिलांकडून आलेला, सर्वांचा. म्हणूनच तो नेणाऱ्यास तो कोणाचाच नाहीं असें वाटणें सोपें जातें. संगीत प्रवास करतें आणि त्यानें तो करावा; परंतु ज्याच्या श्वासानें सूर उमटला, त्याचें व त्याच्या गांवाचें नांवही सोबत जावें, एवढाच बोध या कथेंतून घेतां येईल.